बाकी सात

सव्वीस वर्षं मी यावल–चोपडा केलं.
साकळी, शिरसाड, गिरडगाव, किनगाव,
चिंचोली, धानोरा, अडावद.
तापात बडबडले तरी क्रम चुकत नाही.
याला मतदारसंघ म्हणतात
हे नोकरी सोडल्यावर कळलं.

अर्जाच्या टेबलाशी कारकून म्हणाला,
स्थावर?
पाड्यावर दोन खोल्या, त्यातली एक पत्र्याची.
जंगम?
मी म्हटलं, साहेब, मीच जंगम होते आजवर.
तो हसला नाही. लिहीत गेला:
शेळ्या चार. पायातली चांदी. फंडाचे उरलेले.
गुन्हे: निरंक.
जुबेदा सुभान तडवी, इथे सही करा. इथे पण. इथे पण.

चिन्ह मागितलं शिट्टी.
ती आणखी एकाला हवी होती, चिठ्ठी टाकली,
त्याला गेली,
ज्यानं जन्मात एक गाडी मागे घेतली नसेल.
मला आला कुकर.
सुभान म्हणाला, त्यालाबी असतेच की शिट्टी,
जरा वाट पाहा लागते.

रिक्षावर भोंगा बांधला.
माइक हातात आला की भाषण पळून जायचं,
तोंडातून निघायचं
पुढे सरका, मागे जागा आहे.
लोक हसायचे. पण सरकायचेही, सवयीनं.

गिरडगावात थंडी उतरलेली,
कुणाच्या तरी मळ्यात पऱ्हाट्यांच्या जाळावर
भरिताची वांगी तडकत होती.
उखर्डूबाबा काठी टेकत पुढे आला.
मले वळखलं का, कंडक्टर बाई?
कोपरीतून प्लास्टिकची पिशवी,
पिशवीतून रेशनकार्ड,
रेशनकार्डातून एक तिकीट, जुनं, कागदाचं, चिमट्यानं टोचलेलं.
पाठीवर माझंच अक्षर:
सात. भोवती गोल. खाली तिरकी रेघ.

उतरताना घ्या म्हणे तुम्ही.
गर्दी होती. गाडी निंघून गेली.

माझा हात पर्समध्ये गेलाच होता
तेवढ्यात आमच्या वकील पोरानं मनगट धरलं.
मावशी, आचारसंहिता.
मतदाराच्या हातात पैसे? तो बघा कॅमेरावाला.
मी म्हटलं, हे माझं देणं आहे रे.
तो म्हणाला, ते तुम्हाला माहीत. कॅमेऱ्याला नाही.

बाबा, निकालानंतर देते.
पारावरून कुणीतरी ओरडलं,
सगळे देऊ राह्यले अन् ही बाई
घेतलेलेबी देत नाही!
गाव पोट धरून हसलं.
मीही हसले, पण कान गरम झाले होते.

मतदानाच्या आदल्या रात्री
तास-दीड तास लाइट गेली.
गल्ल्यांतून चपला वाजत होत्या, हळू,
एकेका दाराशी थांबत.
मी उशाशी सात रुपये ठेवून पडले होते,
एक पाचाचं, एक दोनाचं.
त्यांची फार लाज वाटली, मग फार राग आला,
मग झोप लागली.

नऊशे एकोणचाळीस.
गिरडगावातून अकरा.
अनामत जप्त.

आठ दिवसांनी गाडीत बसले, खिडकीशी.
नवा पोरगा कंडक्टर म्हणाला, मॅडम, तुमचं कसलं तिकीट?
मी म्हटलं, फाड. महिलांचं अर्धं असतं.
त्यानं मशीन दाबलं. कागद इतका पातळ
की पाठीवर काही लिहावं तर फाटेल.
सुटे त्याला तिथेच देऊन बसले.

उखर्डूबाबा उन्हात बसला होता.
पर्समध्ये आता फक्त दहाचं नाणं.
त्यानं ते घेतलं, वळवून पाहिलं, कोपरी चाचपली.
तीन नाहीत बाई.
असू द्या हो, म्हटलं.
असू कसं द्या.
भिंतीवर माझं पत्रक होतं, अर्धं सुटलेलं,
ते त्यानं ओढून काढलं,
माझ्याच चेहऱ्याच्या पाठीवर, माझ्याच पेनानं
तीन लिहिला. भोवती गोल, जरा वाकडा.
घडी करून हातात ठेवला.
उतरताना घ्या, म्हणाला.